पाटावरचा रिमोट

बटनकाकांवर अन्याय झाला तो पोळ्याच्या करीच्या दिवशी, दुपारी सव्वातीन वाजता, जळगाव जामोदला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. अन्याय करणारे आम्ही सव्वीस जण होतो, आणि त्या सव्वीस जणांच्या हातात जे गुलाबी पत्रक होतं ते मी लिहिलं होतं. लोक पत्रकाची पहिली ओळ तेवढी वाचतात आणि बाकीच्यात भजी बांधतात. म्हणून मुद्दा पहिल्याच ओळीत सांगून टाकला. आता ज्यांना भजी बांधायची त्यांनी खुशाल बांधावी. पण जे त्या दुपारी तिथे होते त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. त्यांच्याकडे माझं एक काम आहे.

काकांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. खामगावकडे कापसाच्या एका जिनात ते फिटर होते, तिथे पट्ट्यात गेला. कोणी विचारलं तर म्हणायचे, "गावाले गेला. यीन." आणि अंगठा नसलेल्या या माणसाने आमच्या गावात टीव्ही गेमची पहिली खोली काढली, जिथे सगळा खेळ अंगठ्याचा! बाहेरून आलेलं पोरगं त्यांचा हात बघून आधी हसायचं. मग काकांशी एक डाव खेळायचं आणि मग हसायचं बंद व्हायचं.

ज्यांनी ती खोली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहा बाय बाराची जागा, पुढे टिनाचं शेड. आत चार टीव्ही, तीन काळेपांढरे आणि एक रंगीत. प्रत्येक टीव्हीखाली खेळाचा एक डबा, त्यात वरून कॅसेट खुपसायची. डब्यातून दोन वायरी निघायच्या आणि त्यांच्या टोकाला हातात मावेल असा एकेक चपटा ठोकळा. त्याला बनवणाऱ्याने काय नाव दिलं होतं कोण जाणे, आम्ही त्याला रिमोट म्हणत होतो. रिमोटच्या डाव्या अंगाला एक फुली, माणूस मागेपुढे न्यायला. उजव्या अंगाला खाली दोन बटनं, एक उडीचं आणि एक गोळीचं. त्यांच्या डोक्यावर तशीच आणखी दोन. मधोमध दोन बारीक, सिलेक्ट आणि स्टार्ट. म्हणजे फुली सोडून सहा बटनं. त्यातली आम्ही फक्त दोन ओळखत होतो, उडी आणि गोळी. ती दोन इतकी बडवायचो की त्यांच्यावरची अक्षरं पुसून गेली होती आणि बाकीची चार नव्या नवरीसारखी कोरी होती.

काकांना याचा राग यायचा. खरा राग. स्टुलावर बसल्या बसल्या ओरडायचे, "दोनच बटनं बडवून राह्यले बे! बाकीची चार काय मारोतीले वाह्यली?" त्यांचं बटनकाका हे नाव यावरूनच पडलं. एखाद्या नवख्याच्या हातातून रिमोट काढून घ्यायचे, मांडीवर ठेवायचे आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वरचं बटन नुसतं दाबून धरायचे. पडद्यावर गोळ्यांची धार लागायची. आम्ही ज्यासाठी अंगठे सुजवत होतो ते काम वरचं बटन आपलं आपण करत होतं. "याले टर्बो म्हंतेत. मले बोटं कमी, म्हनून म्या बटनं मोजली. तुमाले बोटं पुरून उरतेत, तुमी कायले मोजान?"

सिलेक्टचंही तसंच. एका खेळात सिलेक्ट दाबलं की हातातलं हत्यार बदलतं, हे काकांनी दाखवलं तेव्हा आम्ही त्या खेळात वर्षभर एकाच हत्याराने मरत होतो. एका रिमोटच्या कोपऱ्यात 'स्लो' लिहिलेली बारीक पट्टी होती. ती सरकवली की खेळ अडखळत, हळूहळू चालायचा. आम्हाला वाटायचं की रिमोट बिघडलेला आहे, म्हणून तो कोणी घेत नसे. काका तो नवीन पोरांसाठी राखून ठेवायचे. एकदा त्यांनी तो उघडून मला आतलं दाखवलं. "पाह्य, याच्यात येगळं काई नाई. थांबायचंच बटन हाये, फकत कोनीतरी आतून दाबून-सोडून, दाबून-सोडून राह्यलं. हळू चालनं म्हंजे काय बे? घडीघडी थांबून चालनं."

आणि तो जुना डबा! कुठल्या भंगारातून आणला होता देव जाणे, पण त्याच्या दुसऱ्या रिमोटला बारीक भोकांची जाळी होती. त्या जाळीत बोललं की आवाज टीव्हीतून यायचा. जाळी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, पण तिच्यात तोंड घालावं असं कोणाला सुचलं नाही. काकांना सुचलं. स्टँडच्या मागेच खोली, खेड्यांवरून शाळा-कॉलेजला येणारी पोरं गाडीची वाट बघत तिथे बसायची. काका शेडमधून स्टँडकडे नजर ठेवायचे आणि ऐन लढाईत टीव्हीतून आवाज यायचा, "नांदुऱ्याची लागली रे! ज्याले जायचं थ्यानं उठा, नाईतं बाप माह्याकळे येते." त्या खोलीपायी कोणाची गाडी चुकली असं मला आठवत नाही. आणि आम्ही पत्रकात काय छापलं? 'विद्यार्थ्यांना शाळेपासून तोडणारे केंद्र.'

पण काकांचं सगळ्यात लाडकं बटन स्टार्ट. खेळ सुरू करायला ते आम्हीही दाबत होतो. खेळ चालू असताना तेच पुन्हा दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं, हे कोणाला माहीत नव्हतं, आणि माहीत झालं तरी दाबायला कोणी तयार नव्हतं. थांबायचं कशाला? काकांनी त्याचा नियमच केला होता. कोणाची आई बोलवायला आली तर पॉज. आईला "थांब ना" म्हणायचं नाही, खेळाला म्हणायचं. बाजूच्या मशिदीत बांग झाली तर पॉज. आणि त्या गल्लीतून नदीकडच्या स्मशानाची वाट जात होती. मयत आली की काका नुसतं म्हणायचे, "दाबा." चारही टीव्ही गपकन थांबायचे, उडी मारलेला माणूस हवेतच लटकून राहायचा, आणि आम्ही पोट्टे शेडखाली येऊन उभे राहायचो. मयत श्रीमंताची आहे की मजुराची, कोणत्या वस्तीतली आहे, हे काकांनी कधी विचारलं नाही. "थांबता येते तोच खेळाडू," म्हणायचे. "बाकीचे नुसते पळून राह्यले."

मला ते संपादक म्हणायचे. मी बारावीत असताना त्या खोलीत पडून असायचो. मग कॉलेजात गेलो, गावातल्या तरुण मंडळात गेलो, आणि मंडळाची पत्रकं लिहायला लागलो. दारूबंदीचं पत्रक, गुटख्याचं, नळाच्या पाण्याचं. प्रत्येक पत्रकाची पहिली प्रत मी काकांना नेऊन द्यायचो आणि ते चष्मा पुसून ती पूर्ण वाचायचे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माझा तो एकच वाचक. एकदा वाचून झाल्यावर म्हणाले, "संपादक, चांगलं लिह्यलं. पन तू लिहून राह्यला का टर्बो दाबून राह्यला?"

"काऊन? काय चुकलं?"

"चुकलं काईच नाई. याच्यात पॉज कोठी हाये? समोरचा म्हनन का थांब, मले बोलू दे. थ्याले जागा कोठी हाये?"

मी हसलो. म्हटलं, पत्रकात समोरच्याला जागा देत नसतात काका, ते पत्रक असतं. ते म्हणाले, "हाव बाप्पा, तुमचं शिक्षन जास्त."

खोलीला लागूनच शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या, अजूनही राहतात. त्यांची मुलगी शोभा. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तिचा उजवा हात जन्मापासून लुळा. टीव्ही गेमच्या खोलीत मुली येत नसत. ती यायची नाही, दारात उभी राहून बघायची. एक दिवस काकांनी तिला विचारलं, "खेळतं का?" ती म्हणाली, "एका हातानं कसं खेळू?" झालं! काकांना कोणी 'कसं' विचारलं की ते चार दिवस कोणाशी नीट बोलत नसत.

पाचव्या दिवशी त्यांनी पाट आणला. आपण जेवायला बसतो तसला, सागवानी. त्यावर एक मेलेला रिमोट उघडून स्क्रूने बसवला होता. उडी आणि गोळी या दोन बटनांच्या पोटातून वायरी बाहेर काढून पाटाच्या दुसऱ्या टोकाला दोन पांढऱ्या बटनांना जोडल्या होत्या. घराच्या दाराला घंटीचं बटन असतं ना, ती. पाट जमिनीवर ठेवायचा, डाव्या हाताने फुली फिरवायची आणि पायाने बटनं दाबायची. शिवणयंत्रावर आईचा पाय बघत मोठी झालेली पोरगी ती. तिचा पाय आठ दिवसांत असा बसला की माझ्यासारख्या जुन्या खेळाडूला तिने तीनदा हरवलं. तिसऱ्यांदा हरल्यावर मी म्हटलं, हे बरोबर नाही, तुझ्या पाटात काहीतरी आहे. शोभा म्हणाली, "हाव दादा. माहा पाय हाये."

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वायरींना कयाने, त्या तापलेल्या सळईने, डाग देताना पाटाच्या कोपऱ्यावर लाकूड जळलं, तेव्हा फुंकर मारायला मीच होतो. हे लक्षात ठेवा.

आता करीची गोष्ट. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावोगाव पैसे लावून पत्ते बसतात. सणाचा म्हणून बसलेला डाव महिनाभर उठत नाही आणि तोवर घराघरांत काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी मंडळाने ठरवलं की करीच्या दिवशी अड्ड्यांवर मोर्चा काढायचा. बैठकीत अड्ड्यांची यादी झाली आणि यादी वाचता वाचता एकेकाचा आवाज बसायला लागला. एका अड्ड्यावर आमच्या अध्यक्षाचे सख्खे मामा बसत होते. दुसरा ज्याचा, त्याने आमच्या गणपतीला मंडप दिला होता. तिसऱ्याचं नाव घेतल्यावर सगळे छताकडे बघायला लागले. मग कोणीतरी म्हणालं, "तो टीव्ही गेमवाला? तिथं बी पोट्टे हारजीत लावतेत म्हंते." सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. मलाही वाटलं. हे लिहिताना माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या आहेत, पण वाटलं.

अध्यक्ष म्हणाला, "पत्रक तू लिही. तुले थे खोली आतून माहीत हाये."

मंडळाच्या शिबिरात आम्हाला पत्रक लिहायला शिकवलं होतं. आरोप करू नका, प्रश्न विचारा. आरोपाला पुरावा लागतो, प्रश्नाला लागत नाही. मी प्रश्न विचारला. ते पत्रक माझ्यापुढे आहे, त्यातलं जसंच्या तसं देतो : 'प्रत्येक रिमोटवर सहा बटनं आहेत. आपली मुलं दोनच दाबतात. मग उरलेली चार कोणासाठी? ती कोण दाबतो? मुलं प्रत्येक वेळी हरतातच कशी?'

या ओळींत एक शब्द खोटा नाही. आणि उरलेली चार बटनं कोणासाठी आहेत, हे गावात काकांच्या खालोखाल कोणाला माहीत असेल तर मला. मला ती त्यांनीच हात धरून शिकवली होती. त्यांच्या तोंडचं वाक्य मी उचललं, त्यातली माया काढून टाकली आणि त्यांच्यावरच फेकलं. ही ओळ सुचली तेव्हा मी खुश झालो होतो. दोघा-तिघांना वाचूनही दाखवली. या पत्रकाची प्रत मात्र काकांना नेऊन दिली नाही.

दोन दिवसांत गावात शब्द तयार झाला, 'चोर बटन'. तो मी लिहिला नव्हता. प्रश्न मोकळा सोडला की लोक उत्तर आपापल्या घरून आणतात.

करीला आम्ही निघालो. वाटेत पहिला अड्डा लागला. पडदा ओढलेला, आतून हसण्याचा आवाज. तिथून जाताना घोषणा आपोआप बारीक झाल्या, जणू आत कोणी आजारी आहे. अड्डा मागे पडल्यावर आवाज पुन्हा चढला आणि सव्वातीनला आम्ही काकांच्या शेडपुढे उभे होतो.

आतून काकांचा आवाज आला, "दाबा रे." चारही टीव्ही थांबले. काका बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि टोपी काढली. म्हणाले, "कोनाची मयत हाये रे पोट्टेहो?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. एवढी माणसं त्या गल्लीतून दुसऱ्या कशासाठी येत नसत. पुढचे दोघे हसले, मागच्यांनी धक्का दिला आणि सगळे आत घुसले. पोरं पळाली. कोणीतरी रिमोट वायरीसकट उपटायला लागलं. आणि मग कोपऱ्यातला पाट एकाच्या हाती लागला. रिमोट, त्यातून निघालेल्या वायरी, टोकाला दोन पांढरी बटनं. त्याने तो डोक्यावर धरला आणि ओरडला, "हे पाहा! हेच थे चोर बटन!"

गल्लीत एकदम गलका झाला. काकांनी त्या गर्दीत मला शोधून काढलं. चिडले नव्हते. उलट मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. म्हणाले, "संपादक, बरं झालं तू हायेस. तू सांग यायले हे काय हाये थे."

सगळे माझ्याकडे वळले. एक वाक्य बोलायचं होतं. 'हा शोभाचा पाट आहे.' चार शब्द. रंगीत टीव्हीवर एक माणूस उडी मारलेल्या अवस्थेत हवेत थांबला होता, तेवढं मला दिसत होतं. मी म्हणालो, "चौकशी झाली पाहिजे."

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

पुढचं लवकर झालं. एक हवालदार आला, रिमोट दाबून बघितला, "याच्यात काई नाई" म्हणाला आणि गेला. ते कोणी ऐकलं नाही. कारण ते पत्रकात छापलेलं नव्हतं. घरमालकाने काकांना खोली रिकामी करायला सांगितली. चार दिवसांनी हातगाडीवर टीव्ही आणि डबे घालून काका स्टँडवर आले. बहीण रोहिणखेडला होती, तिच्याकडे निघाले होते. मी समोरच्या चहाच्या टपरीवर पाठ करून बसलो होतो. शोभा आणि तिची आई त्यांना पोचवायला आल्या होत्या. गाडी हलल्यावर शोभा रस्ता ओलांडून सरळ माझ्यापुढे आली.

"काऊन रे दादा? तुले तं माहीत होतं ना?"

टपरीवर सात-आठ माणसं होती. मी चहाकडे बघत बसलो. त्यानंतर तिने मला दादा म्हटलेलं नाही.

आता आणखी एक सांगायचं आहे, तेही लपवत नाही. त्या दुपारी त्या खोलीतून रिमोट गेले. कोणी खेळायला नेले, कोणी वायरीतल्या तांब्यासाठी नेले. एक माझ्याकडे होता, तो स्लोवाला. 'पुरावा' म्हणून मी शर्टाखाली घालून आणला. कशाचा पुरावा? तीन वर्षं तो माझ्या पेटीत पत्रकांच्या गठ्ठ्याखाली होता. पेटी उघडली की दिसायचा, मग मी पेटी उघडायचं कमी केलं.

गेल्या उन्हाळ्यात तो घेऊन रोहिणखेडला गेलो. जुन्या मशिदीच्या अलीकडे बहिणीच्या घराच्या ओट्यावर काका फवारणीचा पंप उघडून बसले होते. केस सगळे पांढरे. मला बघून म्हणाले, "या संपादक. बसा." मी भाषण पाठ करून गेलो होतो. सुरू केलं, "काका, मी त्या दिवशी..." त्यांनी बिनअंगठ्याचा हात वर केला. "थांब. चा घे आधी."

चहा झाला. मी रिमोट पिशवीतून काढून त्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो उलटा करून स्क्रू काढले, आतले रबर कापसाने पुसले, पट्टी दोनदा सरकवून बघितली. "चांगला ठुला तू," म्हणाले. मला वाटलं, झालं, सुटलो. मग त्यांनी विचारलं, "पाट भेटला का शोभाचा?"

"नाही काका."

"कोनाकळे हाये?"

"माहीत नाही."

काकांनी रिमोट बंद करून स्क्रू आवळले आणि तो माझ्याच पिशवीत परत ठेवला. "मंग काय आनलं तू?"

परतीच्या गाडीत, मोताळ्यापासून घरापर्यंत, मी तेवढं एकच वाक्य ऐकत होतो. स्वतःचं नाव चोर म्हणून गावभर झालं, हातची खोली गेली, त्याबद्दल त्यांनी शब्द काढला नाही. माझी माफी घेण्यात त्यांना काही रस नव्हता. त्यांना पाट हवा होता.

तेव्हापासून मी घरं हिंडतो आहे. त्या दिवशी सोबत असलेल्या पंचवीस जणांपैकी सतरा जणांकडे जाऊन आलो. सगळे म्हणतात, दुसऱ्याने नेला. काही जण म्हणतात, आता कशाला उकरतो, तसले खेळ तर आता घरोघर झाले. दोघांनी दार लावून घेतलं. अध्यक्ष म्हणाला, "पत्रक तुहं होतं भाऊ, आमी फकत वाटलं." बरोबर बोलला. पत्रक माझं होतं. पण पाट मी नेला नाही, आणि तो चालत गेला नाही.

शोभा आता कॉलेजात आहे. ती आता तो खेळ खेळेल की नाही, मला माहीत नाही. तो तिचा प्रश्न आहे. पण गाव ज्याला चोर बटन म्हणालं ते एका पोरीचं पाऊल ठेवायची जागा होती, हे गावाने एकदा तो पाट समोर ठेवून, डोळ्यांनी पाहायला हवं. तोवर काका चोर आणि मी समाजसेवक. हे मला सहन होत नाही. तुम्हाला होतं का, हे मी विचारणार नाही. प्रश्न विचारणं मी सोडलं आहे.

तर पाट ओळखायची खूण अशी. सागवानी, चार बोटं उंच. डाव्या कोपऱ्यावर कयाने जळाल्याचा, चिंचोक्याएवढा काळा डाग. चार स्क्रूंची भोकं. दोन पांढरी घंटीची बटनं, त्यातलं उजवं जरा पिवळं पडलेलं. वायरी कापून टाकल्या असतील तर असू द्या, काका जोडतील. बटनं काढून दाराला बसवली असतील तर दारावरून काढा. पाटावर कोणी जेवायला बसत असेल तर त्याला उठवा. आणि शिवणकामवाल्या बाईंच्या ओट्यावर, दिवसाढवळ्या, लोक बघत असताना, तो पाट नेऊन ठेवा.